दोरी ढिली, नाव उभी

लेझर ही एका शिडाची, जेमतेम सव्वाचार मीटर लांबीची नाव. शीड चढवून ती तळ्याकाठी उभी आहे असं धरू. वारा ताशी १०-१५ किलोमीटर पुरे. पाण्यावर पांढरा फेस दिसला तर आज चहा पिऊन परत जा. एकटे मात्र कधीच जाऊ नका, मदतीची मोटरबोट जवळ असू द्या.

१. लाइफ जॅकेट घाला. कुणालातरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानाशी आलं तर पट्टे आवळा.

२. डोळे मिटून सावकाश वळा. दोन्ही कानांत सारखाच आवाज आला की वारा थेट समोर. तो काठाला समांतर असेल तर उत्तम. काठावरून पाण्याकडे वाहत असेल तर आज नको.

३. नावेच्या मागच्या भोकाला बूच लावा. हसू नका, मी एकदा विसरलो होतो. अर्ध्या तासात नाव म्हशीसारखी पाण्यात बसली.

४. शिडाच्या दोरीच्या टोकाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारा. नाहीतर दोरी कप्पीतून निसटते.

५. नाक वाऱ्याकडे ठेवून नाव कमरेइतक्या पाण्यात न्या. नाक वळलं तर ती तुमच्याशिवाय निघेल!

६. सुकाणूचं पातं खाली सोडा.

७. मधली फळी खाली सरकवा. फळीविना नाव पुढे न जाता आडवी घसरते.

८. नाक तळ्याच्या मध्याकडे वळवा. शीड फडफडेल, फडफडू द्या.

९. वारा येतो त्या बाजूनं चढून काठावर बसा, तोंड शिडाकडे. मागच्या हातात सुकाणूचा दांडा, पुढच्या हातात दोरी. दोरी हाताला गुंडाळायची नाही.

१०. दोरी हळूहळू ओढा, फडफड थांबेपर्यंतच. तळाशी कुळकुळ ऐकू आली? निघालात!

११. आता दोरी सोडा. नाव मंदावून थांबते. नावेला दुसरा ब्रेक नाही, म्हणून हे पाच वेळा करा. नाव कलली, समोर कुणी आलं, छातीत धडधडलं, तरी उपाय हाच.

१२. दांडा किंचित हलवून पाहा. दांडा डावीकडे, तर नाक उजवीकडे. नजर पलीकडच्या एखाद्या झाडावर ठेवा; दांड्याकडे बघत बसलात की नाव नागमोडी जाते.

१३. परतायचंय? दांडा शिडाच्या बाजूला हळू ढकला आणि शीड फडफडू लागेल तशी दोरी ओढत जा. वाऱ्यापासून साधारण ४५ अंशांवर थांबा. त्याहून जवळ नाव चालत नाही.

१४. डोकं खाली! दांडा त्याच बाजूला ठामपणे ढकलून धरा. अर्ध्यातच कच खाल्लीत तर नाव वाऱ्यासमोर अडकून मागे सरकू लागेल. तसं झालं तर शिडाखालची आडवी दांडी आणि सुकाणूचा दांडा, दोन्ही स्वतःपासून दूर ढकला. नाक वळलं की दोन्ही जवळ घ्या.

१५. दांडी डोक्यावरून गेली की पलीकडे बसा, तोंड पुढेच ठेवून. दोरीवर पाय पडला नाही ना, बघा.

१६. दांडा सरळ करून हात बदला.

१७. दोरी थोडी ढिली करत काठाकडे या. पाठीवर वारा घेऊन वळू नका, दांडी सटकन डोक्यात बसते. उलटलातच तर नाव सोडून पोहू नका. दोरी मोकळी करा, फळीवर वजन टाका, ती उठते.

१८. काठाजवळ नाक वाऱ्याकडे करून दोरी सोडा.

१९. फळी वर ओढा.

२०. खोली बघून मगच उतरा, आणि उतरल्या उतरल्या नाक धरा.