पिकअपचे ॲव्हरेज वहीत लिहा

भाजीपाला भरलेली पिकअप रात्री वाटेत बंद पडली, तर सकाळचा लिलाव चुकतो. पुष्कळ बिघाड मात्र आधी सूचना देतात. डिझेल जास्त लागू लागते. म्हणून ॲव्हरेज काढण्याची सवय लावावी.

टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. पुढच्या वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरावी व मधल्या किलोमीटरला आता भरलेल्या लिटरने भागावे. समजा, ३६० किलोमीटरला ३० लिटर लागले, तर ॲव्हरेज १२. तेच १० वर आल्यास ३६ लिटर, म्हणजे ६ लिटर जादा. भरलेल्या फेऱ्यांची तुलना भरलेल्या फेऱ्यांशीच करावी.

ॲव्हरेज घटल्यास पुढील क्रमाने तपासावे :

१) टायर : थंड असताना, गाडीवरील पट्टीत दिलेल्या आकड्याप्रमाणे हवा ठेवावी.

२) एअर फिल्टर : धुळीने चोंदल्यास गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते. कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा.

३) ब्रेक : सपाट जागी, न्यूट्रलमध्ये रिकामी गाडी ढकलावी. जड गेल्यास ब्रेक चिकटत असावेत.

४) डिझेल फिल्टर : इंजिन थंड असताना तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढावे. स्वच्छ डिझेल येताच स्क्रू घट्ट करावा.

कॉमन रेल इंजिनच्या उच्च दाबाच्या नळ्या मात्र स्वतः सोडू नयेत. डिझेलची धार कातडीत घुसून गंभीर इजा होते. ते काम मेकॅनिककडे द्यावे व सोबत ही वही न्यावी. ॲव्हरेज केव्हापासून घटले हे कळल्यास दोष लवकर सापडतो.