ब्लॉकचेन आणि पेटंटची परीक्षा

फायनल इयरच्या प्रोजेक्टला 'ब्लॉकचेन' हा शब्द जोडला की पेटंट मिळालंच, असं मलाही वाटायचं. पेटंट कायदा वाचला आणि विमान जमिनीवर आलं.

भारताच्या पेटंट कायदा, 1970 मधील कलम 3(के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे 'शोध' ठरत नाहीत. म्हणजे 'व्यवहाराची नोंद ब्लॉकचेनवर ठेवणे' एवढंच लिहिलं, तर परीक्षक तिथंच आक्षेप घेणार. मात्र 2019 मध्ये फेरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रोग्रॅमवर आधारित शोधात तांत्रिक परिणाम किंवा योगदान दिसलं, तर तो पेटंटयोग्य ठरू शकतो. उदा. नोड्समधले संदेश कमी करून नेटवर्कवरचा भार हलका करणं.

दुसरा पेपर नावीन्याचा. हॅशने साखळीत बांधलेल्या नोंदींची कल्पना हेबर आणि स्टोर्नेटा यांनी 1991 मध्येच मांडली. नाकामोतोचा बिटकॉइनवरचा लेख 2008 चा. त्यापुढे तुमचं काय? जाणकाराला सहज सुचेल असा बदलही इथं चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: अर्जाआधी कोड नेटवर टाकलात किंवा पेपर छापलात, तर आपलंच काम आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकतं. म्हणून आज रात्री रूमवर एकच वाक्य लिहून बघा: आपण कोणती तांत्रिक अडचण सोडवली? ते जमलं नाही, तर अर्जाची घाई नको.