पांढरा थर खरवडू नका

लेसर म्हणजे टाके नाहीत, रक्त नाही, त्रास नाही. तोंडातला चट्टा काढायचं ठरलं तेव्हा जो तो मला हेच सांगत होता. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या. पण जखम भरायला वेळ लागतो आणि भरताना ती बघवत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांची अशी शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यांच्यासाठी म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. बायोप्सीत ल्युकोप्लाकिया निघाला. कर्करोग नव्हता, पण पुढे होण्याचा धोका होता. सर्जननी तो कार्बन डायऑक्साइड लेसरने काढला. हा लेसर १९६४ साली शोधणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे. त्याच्या किरणाने पेशींतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि बारीक रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात. म्हणूनच जखम टाके न घालता उघडी ठेवता येते.

सुरुवातीला फारसं दुखलं नाही. मग ठणका वाढला आणि जखमेवर पिवळट-पांढरा थर धरला. घरातल्यांना वाटलं, पू झाला. कुणी म्हणालं, हळद चोळ. जाऊबाईंनी तर थर पुसायला कापसाचा बोळा आणून ठेवला. मी आधी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, "अजिबात हात लावू नका. तो थर हीच तुमची मलमपट्टी आहे."

तोंड कायम ओलं असतं, त्यामुळे तिथे कातडीसारखी कोरडी खपली धरत नाही. रक्तातल्या फायब्रिनचा थर बसतो आणि त्याखाली कडांकडून मध्याकडे नवी त्वचा सरकत येते. सुरीच्या जखमेपेक्षा हे काम सावकाश चालतं. साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. थर खरवडला तर रक्त येतं आणि भरणं लांबतं. वाट पाहिल्याचा फायदा असा, की लेसरची जखम सहसा कमी आकसते आणि व्रण मऊ राहतो.

तेव्हा एवढं सांभाळा. कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. मऊ भात, पातळ खिचडी, ताक, गार आंबील चालते. तिखट, आंबट, गरमागरम आणि कुरकुरीत काही दिवस बंद. दुखण्याची गोळी जेवणाआधी घेऊ का, ते विचारून घ्या. जेवण सुसह्य होतं. दात मऊ ब्रशने घासा, जखम टाळून. गालाची जखम असेल तर तोंड उघडण्याचे व्यायाम कधी सुरू करायचे, हेही विचारा. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी, विडी कायमची सोडा.

ताप, वाढती सूज, न थांबणारं रक्त किंवा गिळायला त्रास होत असेल, तर फोनवर न भागवता थेट दवाखाना गाठा. काढलेल्या तुकड्याचा अहवाल मागून घ्या आणि जपून ठेवा. जखम भरली तरी तपासण्या चुकवू नका, कारण असा चट्टा पुन्हा येऊ शकतो. लेसरची ही जखम सोडून तोंडातला दुसरा कुठलाही व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा.