माणसांचा पडदा

नेपथ्य म्हटले की आपल्याला रंगवलेले फ्लॅट आणि हातोडीचे ठोके आठवतात. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (पहिला प्रयोग : पी.डी.ए., पुणे, १६ डिसेंबर १९७२) हे काम माणसांच्या रांगेकडे आले. रांग पाठमोरी झाली की भिंत, वळली की पुण्याचे ब्राह्मण. ओढायला दोरीच नाही; त्यामुळे एरवी विंगेत उरकणारे काम तालमीत शिरले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांचा सांधा इथेच जुळतो : स्थळ बदलते ते ठेक्यावर. एकाचे पाऊल चुकले की भिंतीला भगदाड! (फ्लॅट कलला तर मागून हात तरी लावता येतो.) शिवाय ही भिंत पाहते, ऐकते आणि नानाचे चाळे झाकते. कापडी पडद्यावर हा आरोप कसा ठेवणार?

‘नेपथ्याचा खर्च नाही’ म्हणून स्नेहसंमेलनासाठी असे नाटक निवडणाऱ्या मित्रांनी आधी तालमीचे दिवस मोजावेत. आणि रांगेतल्या मुलांना पहिल्या वाचनापासून बोलवावे. नाना-घाशीराम बसवून झाल्यावर नव्हे.