शिकारीचे मोल कोणाला?

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. आमच्या मक्यात रानडुकरांचा कळप शिरला आणि एका रात्रीत कितीतरी तासे आडवी झाली. चार दिवसांनी जीप घेऊन दोन अनोळखी माणसे आली. "रात्री शेतात बसू द्या, डुकरे मारतो, वर तुम्हालाच दोन हजार देतो," असे त्यांचे म्हणणे. वडिलांनी सकाळपर्यंत वेळ मागून घेतला आणि रात्री मला विचारले, "तू कालिजात जातीस, तूच सांग. देऊ का न्हाई?"

मी "दादा, कायद्यात बसत नाही" एवढेच सांगू शकले. पण ते का बसत नाही, आणि बसत असते तर आपल्याला परवडले असते का, हा प्रश्न मनात राहिला. प्रस्तुत लेख त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

पैसे मोजून शिकार करणे आपल्या देशात नवे नाही. स्वातंत्र्यानंतरही जंगलाचे 'ब्लॉक' पाडून ते परवान्यावर शिकाऱ्यांना दिले जात. शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांकडून पैसे घेऊन त्यांना वाघापर्यंत नेत. वाट दाखविणारे आणि हाका घालणारे मात्र आसपासच्या गावचेच असत. त्यांच्या पदरी दिवसाची मजुरी पडे. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातही काही प्राण्यांसाठी शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली.

आज रानडुक्कर किंवा रोही उभ्या पिकास घातक ठरले, तरच अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने ते मारता येतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये या दोन प्राण्यांसाठी अशा परवान्याची व्यवस्था केली. परंतु परवान्याने मारलेले जनावरही शेतकऱ्याचे होत नाही. कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे ती शासनाची मालमत्ता ठरते. विनापरवाना शिकारीस तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जीपवाले निघून गेले असते. शेत आमचे, म्हणून चौकशीला आम्हीच सापडलो असतो.

मग जेथे हा व्यवहार राजरोस चालतो तेथे काय आहे? जर्मनीत १८४८ च्या उठावानंतर दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरदारांचा हक्क संपला आणि तो हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. पण एखाद्याची पाच-दहा एकर जमीन शिकारीला काय पुरणार? म्हणून लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून त्यांचा संघ होतो. अशा क्षेत्राची किमान मर्यादा साधारण १५० हेक्टर आहे. संघ शिकारीचा हक्क काही वर्षांच्या कराराने भाड्याने देतो आणि भाडे जमिनीच्या प्रमाणात वाटून घेतले जाते. विशेष म्हणजे रानडुकरांनी पीक नासले तर त्याची भरपाई बहुधा करारानुसार शिकाऱ्यालाच द्यावी लागते. पाकिस्तानच्या डोंगराळ भागात मारखोर या रानबकऱ्याच्या मोजक्याच शिकारींना परवाना मिळतो. त्या शुल्कातील ८० टक्के रक्कम स्थानिक लोकांना दिली जाते. मारखोर राखण्यात गावाचाच फायदा असल्याने चोरट्या शिकारीला तेथे आळा बसला.

या दोन्ही ठिकाणी प्राण्याचा उपद्रव किंवा सहवास ज्याला सोसावा लागतो, त्यालाच त्याचे मोल मिळते. या कसोटीवर जीपवाल्यांचे दोन हजार मला खोटे वाटतात. ते एका रात्रीचे पैसे. भरपाईचा करार नाही, पुढच्या वर्षाची हमी नाही. एक डुक्कर पडले तरी उरलेला कळप परत येणारच. शिवाय अंधारात झाडलेली गोळी शेजारच्या माळ्यावर जागलीला बसलेल्या माणसालाही लागू शकते. असा सौदा मुळीच परवडणारा नाही.

तथापि, एवढ्यावर थांबणे मला अन्यायाचे वाटते. जर्मनीतील संघ भाडे घेतो, कारण शिकारीचा हक्क त्याचा आहे. आपल्याकडे तो हक्क समाजाच्या वतीने शासनाने स्वतःकडे घेतला. वन्यजीव वाचावेत म्हणून ते योग्यच झाले. पण मग शासनाच्या या जनावरांना चारा कोण घालतो? जालना जिल्ह्यातला मका, हरभरा, तूर पिकविणारा शेतकरीच ना? म्हणजे भाडे देणे शासनाकडे लागते. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई शासन देते. त्यासाठी अर्ज आणि पंचनामा लागतो. ती भरपाई म्हणजे उपकार नसून आपल्या शेतात चरलेल्या दुसऱ्याच्या जनावरांचा मोबदला आहे.

दादांनी जीपवाल्यांना परत पाठविले, पण भरपाईचा अर्जही केला नाही. "सरकारपुढं हात कशाला पसरायचा?" असे ते म्हणाले. त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. यंदा डुकरे पुन्हा आली, तेव्हा मी अर्ज लिहिला आणि तो त्यांना वाचून दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, आणि मग सही केली.