पिशवीत मुळे गुंतलेल्या फळझाडांची लागवड

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतील तालुके होत. येथे पाऊस थोडा व लहरी. त्याचा भर पुष्कळदा भाद्रपदाकडे असतो. त्यामुळे ज्येष्ठात आणलेले कागदी लिंबाचे रोप वा डाळिंबाचे गुटी कलम पावसाची अथवा कालव्याच्या पाळीची वाट पाहत पिशवीतच राहते. वर्ष लोटते. वरून झाड हिरवेगार दिसते. आत मात्र मुळे पिशवीच्या कडेने वेटोळे घालू लागतात.

असे झाड तसेच खड्ड्यात बसविल्यास मुळे जुनी वळणे सोडीत नाहीत. जाड होत जाणारी वेटोळी एकमेकांना, व कधी बुंध्यालाही, आवळतात. झाड फळावर येण्याच्या सुमारास पाने पिवळी पडतात, फांद्या वाळतात, किंवा वादळी वाऱ्यात झाड समूळ कलते. शेतकरी रोगाचा शोध घेतो, औषधे फवारतो. दोष मात्र लागवडीच्या दिवशीच पुरला गेलेला असतो.

लागवडीच्या आदल्या दिवशी पिशवीस भरपूर पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर पिशवी उभी चिरून काढावी. रोप बुंध्याला धरून ओढू नये. नंतर मातीचा गोळा निरखावा. बारीक मुळांची केवळ जाळी असेल तर ती बोटांनी मोकळी करणे पुरे. वेटोळी घट्ट असल्यास धारदार, स्वच्छ चाकूने गोळ्याच्या बाजूंना तीन-चार उभे छेद बोटाच्या पेराइतके खोल द्यावेत व तळाची गुंतवळ कापून टाकावी. मुळे कापण्यास शेतकऱ्याचा हात धजत नाही, हे स्वाभाविक आहे. परंतु कापलेल्या टोकापासून नवी मुळे बाहेरच्या दिशेने फुटतात. बियांपासून केलेल्या लिंबाच्या रोपाचे सोटमूळ तळाशी वळले असल्यास वळणाच्या वर छाटावे. बुंध्यालगतच जाड मुळीचा फास बसलेला असेल तर ते रोप लावूच नये. रोपाची किंमत जाईल, जागा व पाणी तरी वाचेल.

खड्डा आधीच पोयटा माती व चांगले कुजलेले शेणखत घालून भरून ठेवावा. रोप पिशवीत होते त्याच पातळीवर बसवावे. कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहिलाच पाहिजे. लिंबाचा बुंधा मातीत गाडला गेल्यास डिंक्या रोगास वाव मिळतो. फुले व फळे असल्यास खुडावीत आणि काठीचा सैल आधार द्यावा.

पाण्याविषयी एक गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मुद्दाम दाखवून द्यावी. पिशवीतील माती हलकी असते, तर दौंडकडील नदीकाठची जमीन काळी व भारी. भोवतालची जमीन ओली दिसत असतानाही गोळा आतून कोरडा पडू शकतो. म्हणून पहिले काही आठवडे पाणी थेट गोळ्यावर, थोडे थोडे व वरचेवर द्यावे, आणि बोट खुपसून ओल पाहावी. शिरूरच्या मुरमाड माळावर पाणी लवकर झिरपून जाते; तेथे उसाच्या पाचटाचे आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर पसरावे. नवी पालवी दिसू लागली म्हणजे ठिबकची तोटी हळूहळू बाहेर सरकवावी, व त्यानंतरच रासायनिक खताची पहिली मात्रा द्यावी.