संगणकातील ऊस आणि शेतातील ऊस



मागच्या गट मेळाव्यात एका सभासदांनी विचारले, "साहेब, बारामतीला म्हणे उसात ए.आय. आलंय. आपल्याकडं कधी?" प्रश्न रास्त आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत व त्याची चर्चा गावोगाव चालू आहे. परंतु नव्या यंत्राकडे पाहण्याआधी आपल्याच पन्हाळा तालुक्यातील एक जुना प्रयोग समजून घेणे फायद्याचे ठरेल.

१९९८ साली वारणानगर येथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्यासाठी निवडली होती. खर्च सुमारे अडीच कोटी रुपये. त्यात केंद्र सरकारचा वाटा ५० टक्के, राज्य सरकारचा ४० टक्के व वारणा विभाग शिक्षण मंडळाचा १० टक्के. गावागावांत संगणक केंद्रे उघडायची आणि तेथे पीक सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, आरोग्य, शिक्षण अशी सर्व माहिती मराठीतून द्यायची, असा मोठा संकल्प होता.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेचे राजेश वीरराघवन, नाग यशोधर व केंतारो तोयामा यांनी या केंद्रांचा अभ्यास केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. केंद्रावर बसून लोक कशासाठी येतात हे त्यांनी पाहिले. बहुतेक सारे काम उसाच्या हिशेबाचे निघाले. नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन, खताची उचल, बस्स. मग एवढ्यासाठी संगणकच कशाला, असा विचार करून त्यांनी सात गावांत साध्या मोबाईलवर प्रयोग केला. शेतकऱ्याने लहानसा संदेश पाठवायचा आणि आपल्या उसाचा हिशेब संदेशानेच मिळवायचा. शेतकऱ्यांना हे पसंत पडले.

यातून घेण्याचा धडा असा, की यंत्र लहान असो वा मोठे, शेतकऱ्याला हवा असतो आपल्या उसाचा खरा हिशेब. आणि तो खरा निघायचा तर मूळ नोंद खरी पाहिजे. संगणक शेतात जात नाही. आपण जी तारीख घालू तीच तो खरी धरतो.

एक चूक माझीच सांगतो. नोकरीच्या सुरुवातीस बांधाला बांध असलेल्या दोन प्लॉटांच्या तारखा माझ्याकडून उलटसुलट पडल्या. १५ जुलैचा आडसाली ऊस १५ ऑक्टोबरचा झाला आणि ऑक्टोबरचा जुलैचा. एक नोव्हेंबरला जो ऊस खरा साडेपंधरा महिन्यांचा होता, तो यादीत साडेबारा महिन्यांचा दिसला व मागे पडला. त्याला चिठ्ठी निघेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. ते वयस्कर सभासद एवढेच म्हणाले, "सायेब, चूक तुमच्या कागदात, आन् तुरा माझ्या उसाला!" ते बोल मी अजून विसरलो नाही.

पक्व ऊस वेळेत तुटला नाही तर त्यातील साखर उतरू लागते, ऊस पोकळ पडतो, वजन घटते. उलट काहीजण चिठ्ठी लवकर मिळावी म्हणून तारीख महिना-दीड महिना मागची सांगतात. तो कच्चा ऊस गाळपाला आला की त्यांचे टनेज जाते आणि उतारा सर्वांचा पडतो.

उतारा म्हणजे सर्वांचे पैसे. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफ.आर.पी. क्विंटलला ३५५ रुपये ठरली आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. एकरी ४० टन धरले तर ०.१ टक्क्याला १,३८४ रुपये होतात. एकाने खोटी तारीख सांगितली तर भुर्दंड शेजाऱ्यालाही बसतो, तो असा.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

१) लागण झाल्याच्या आठवड्यातच गट ऑफिसला नोंद द्यावी. तारीख घरच्या वहीत लिहून ठेवावी.

२) गट नंबर सात-बारा पाहून सांगावा. अंदाजाने सांगू नये.

३) जात नेमकी सांगावी. को.सी. ६७१ लवकर पक्व होतो, को ८६०३२ ला अधिक वेळ लागतो. नुसते 'ऊस' म्हणून चालत नाही.

४) लागण व खोडवा यांची नोंद वेगळी करावी. एकाच गटात दोन तारखांची लागण असेल तर प्लॉटही दोन लिहावेत.

५) नोंदीची पावती घरी नेऊन पोराबाळांकडून वाचून घ्यावी. चूक दिसल्यास हंगामापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. चिठ्ठ्या सुटू लागल्यावर भांडून उपयोग होत नाही.

उद्या आपल्याकडे ए.आय. येईल, उपग्रहही ऊस मोजेल. त्याचे स्वागतच आहे. पण लागणीची तारीख विचारायला त्यालाही आपल्याच दारी यावे लागेल. तेव्हा ती आज खरी लिहू या.

आपला,
ऊस विकास अधिकारी